कानबाई, इंटर्नल आणि पंधरा ऑगस्ट, सगळं एकाच आठवड्यात. काय सोडू?

हळदीचं_बोट | मंगळवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचत असते. आज लिहायला बसले, कारण झोपच येत नाहीये.

मी एस.वाय.बीएस्सी, केमिस्ट्री. धरणगावच्या पुढे आमचं खेडं, कॉलेज जळगावला. रोज एसटीनं अपडाऊन. पुढचा आठवडा असा आलाय:

शनिवारी रोटाचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू दळायचे, आमच्याकडे अजून घरच्या जात्यावर. रविवारी कानबाई, आमची खानदेशची श्रावणातली देवी, बसणार, रात्रभर जागरण. सोमवारी सकाळी विसर्जन, आणि सोमवारीच अकराला फिजिकलची इंटर्नल, केमिकल कायनेटिक्स (रासायनिक अभिक्रियांचा वेग). मंगळवारी ऑरगॅनिकची. बुधवारी जर्नल तपासणी. माझे चार प्रयोग लिहायचे बाकी आहेत आणि एकाचं रीडिंग लिहिलेला कागदच सापडत नाही. गुरुवारी पंधरा ऑगस्ट. मी एन.एस.एस.ला आहे, झेंडावंदनाला सातला हजर राहा म्हणून सांगितलंय. आमच्या गावातून पहिली एसटीच पावणेसातला निघते. शुक्रवारी माझा सेमिनार. शिवाय रोज दोन तास लायब्ररीत कमवा व शिका. ते सुटू शकत नाही, माझा वरखर्च त्यावरच चालतो. कपाशीत तण माजलंय म्हणून आई सकाळीच निंदायला जाते, तर सकाळचा स्वयंपाकही माझ्याकडे.

यातलं काय सोडू, एवढंच विचारायचंय. कानबाई सोडता येणार नाही हे आधीच सांगते.

सुरतलाइन | मंगळवार, रात्री ११:०५

झोप सोड. बाकी सगळं बसतं. (दिवे घ्या, गंमत केली.)

पुणेकर_झालो_बुवा | मंगळवार, रात्री ११:२०

सगळं मनावर आहे. मी इंजिनिअरिंगला असताना आठवड्याला तीन सबमिशनं असायची. मोबाईल बाजूला ठेव, वेळापत्रक कागदावर काढ, पोमोडोरो पद्धत वापर. २५ मिनिटं अभ्यास, ५ मिनिटं विश्रांती. दिवसात असे सोळा तुकडे निघतात.

भरीत_पार्टी | मंगळवार, रात्री ११:२६

पोमोडोरो म्हणजे इटालियनमध्ये टमाटं ना भो? आमच्याकडे टमाट्याची भाजी करेपर्यंत २५ मिनिटं जातात. मग विश्रांतीत भाकरी टाकायची का तिनं?

सुरतलाइन | मंगळवार, रात्री ११:३१

गाडी जळगावच्या आउटर सिग्नलला उभी राहिली की एक पोमोडोरो होतो. दोन्ही वेळचे धरले तर पीएचडी होईल.

आता गंभीर. ताई, तू एसटीनं का जाते? धरणगावहून मेमू लोकल का नाही पकडत? पदवीपर्यंतच्या मुलींना घर ते कॉलेज रेल्वेचा सेकंड क्लासचा महिन्याचा पास फुकट असतो. कॉलेजच्या ऑफिसातून रेल्वे कन्सेशनचा फॉर्म भरून घ्यायचा, सही-शिक्का, स्टेशनच्या खिडकीवर द्यायचा. आम्हा पोरांना हे फक्त बारावीपर्यंत, पुढे पैसे मोजा.

हळदीचं_बोट | मंगळवार, रात्री ११:४०

काय सांगू राहिले दादा! मी वर्षभर एसटीचा पास काढू राहिली!

सुरतलाइन | मंगळवार, रात्री ११:४२

एसटीचा विद्यार्थी पास वाईट नाही, ६६.६७ टक्के सवलत असते. पण फुकट ते फुकट. आणि खरी गोष्ट पैशाची नाहीच. एसटीत लटकून पुस्तक उघडता येत नाही, गाडीत येतं. आमच्या डब्यात टाकरखेड्याच्या, धरणगावच्या, पाळधीच्या मिळून सात-आठ मुली रोज बसतात, जळगाव येईपर्यंत एक धडा उरकतात. पलीकडच्या बाकावर भजनी मंडळ असतं, ते परीक्षेच्या दिवसांत टाळ हळू वाजवतं.

मायबाई_शिरपूर | बुधवार, सकाळी ६:१०

पोरी, इतली घाबरू नको. कानबाई माय शे ती, मास्तर नही. मनी आंडेरनी बी सोमवारले पेपर दिधा व्हता, केस वल्ला व्हतात तिना. रोटना गहू शुक्रवारलेच निवडी ठेव. आनि जागरनमा पुढे बसू नको, मांगे बस, पुस्तक लई.

पुणेकर_झालो_बुवा | बुधवार, सकाळी ८:३०

ही अहिराणी कुणी मराठीत सांगेल का?

भरीत_पार्टी | बुधवार, सकाळी ८:३३

पुण्याला जाऊन किती वर्षं झाली भो? आजीला फोन लाव, ती सांगेल.

खडूची_धूळ | बुधवार, सकाळी ९:१५

मी ३१ वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, आता निवृत्त. म्हणून थोडं लांबण लावतो.

पहिली गोष्ट, सोमवारची चाचणी. ही परीक्षा विद्यापीठ घेत नाही. अंतर्गत चाचणीचं वेळापत्रक कॉलेजात ठरतं, बहुतेक वेळा विभागातच. विभागात कुणीतरी भिंतीवरचं कॅलेंडर बघून तारखा टाकतं. कॅलेंडरवर नागपंचमी असते, रक्षाबंधन असतं, कानबाई दिसेलच असं नाही. नागपंचमीनंतरचा रविवार हे आपल्याला माहीत. शिक्षक बाहेरचे असतील तर त्यांना कुठून ठाऊक असणार? म्हणजे हे मुद्दाम कुणी केलेलं नाही, त्यामुळे बदलूही शकतं.

मात्र तू एकटी गेलीस तर "तुझ्या एकटीसाठी पेपर बदलू का" असं ऐकून परत येशील. आधी वर्गात विचार, किती घरी कानबाई बसते. सगळ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज विभागप्रमुखांकडे, शुक्रवारच्या आत. अर्जात "परीक्षा रद्द करा" असं लिहू नका. "विसर्जनामुळे अकराला पोहोचता येणार नाही, वेळ पुढे करावी" एवढं लिहा. रद्द करायला कुणाला आवडत नाही, दोन तास पुढे ढकलायला फारसं कुणाचं काही जात नाही.

दुसरी गोष्ट, हरवलेलं रीडिंग. मैत्रिणीचं उतरवू नकोस.

सुरतलाइन | बुधवार, सकाळी ९:२०

सर, उतरवल्याशिवाय जर्नल पूर्ण झालेला माणूस मी अजून पाहिला नाही.

खडूची_धूळ | बुधवार, सकाळी ९:२८

आम्हीही पाहिला नाही. पण तिघींचं ब्युरेट रीडिंग दशांशासकट सारखं आलं की न वाचताही कळतं. लॅब असिस्टंटला नम्रपणे विचार, दुसऱ्या बॅचच्या वेळी कोपऱ्यात एक टायट्रेशन करू देतात. अर्ध्या तासाचं काम आहे. कागद शोधण्यात याहून जास्त वेळ गेला असेल.

कळण्याची_भाकरी | बुधवार, दुपारी १:४०

मी मुद्दाम जेवणाची सुट्टी होईपर्यंत थांबले, कुणी विचारतंय का बघत होते. नाही विचारलं.

हळद, तुझ्या पोस्टमध्ये आई आहे. बाकी घरात कोण कोण आहे?

हळदीचं_बोट | बुधवार, दुपारी २:०५

आजी, वडील, काका-काकू, दोन चुलत भाऊ आणि माझा लहान भाऊ. तो बारावीला, तोही जळगावलाच येतो.

कळण्याची_भाकरी | बुधवार, दुपारी २:१२

म्हणजे पाच पुरुष. रोटाचे गहू कसे मोजतात तुमच्याकडे?

हळदीचं_बोट | बुधवार, दुपारी २:१५

घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा शेर.

कळण्याची_भाकरी | बुधवार, दुपारी २:२४

मग सव्वासहा शेर. मोजायचे त्यांच्या नावानं, दळायचे तू, तेही इंटर्नलच्या दोन दिवस आधी. काय सोडू म्हणून विचारतेस ना? तू लिहिलेल्या यादीत सोडण्यासारखं काही नाही. जे दुसऱ्यानं करायचं आहे ते यादीत लिहिलेलंच नाहीस.

माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली, माहेर भडगाव, सासर पारोळा. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना असाच आठवडा आला होता. मी पेपर सोडला होता. कुणी सोड म्हणालं नव्हतं, कुणी नको सोडू असंही म्हणालं नाही. नंतर कळलं की घरात कुणाला माझा पेपर आहे हेच माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं. तुझ्या घरी माहीत आहे का?

नानांचा_वाडा | बुधवार, दुपारी ३:००

कानबाईचं काम बाईनंच करायचं असतं, ही श्रद्धेची गोष्ट आहे. उगाच प्रत्येक ठिकाणी स्त्री-पुरुष आणू नये. आणि रोट माणशी सव्वा मूठ असतात, सव्वा शेर नाही.

मायबाई_शिरपूर | बुधवार, दुपारी ३:२०

आमनाकडे सव्वा शेरच शे. घर घरनी रीत येगळी, भाऊ.

भरीत_पार्टी | बुधवार, दुपारी ३:३५

आमच्याकडे तीन वर्षांपासून जातं बंद. गावातली गिरणी त्या दिवशी धुऊन-पुसून घेतात, हळदी-कुंकू लावतात, पहिलं दळण रोटाचं. देवी काही रागावली नाही. गिरणीवाला मात्र रागावतो, कारण सगळ्यांना पहिला नंबर पाहिजे.

नानांचा_वाडा | बुधवार, दुपारी ३:५०

गिरणीला माझा विरोध नाही. पण पोरांनी जात्यावर बसायचं हे कुठे लिहिलंय?

कळण्याची_भाकरी | बुधवार, दुपारी ३:५३

नाना, पोरांनी बसायचं नाही हेही कुठे लिहिलंय?

सातपुडा_पायथा | बुधवार, संध्याकाळी ७:१५

मी नंदुरबारला शासकीय आदिवासी वसतिगृहात राहतो, घर धडगावकडे. बी.ए. तिसरं वर्ष. तुमचा धागा वाचून मजा वाटली आणि थोडी असूयाही. अपडाऊनचा त्रास आहे म्हणता, पण रात्री घरी तर जाता. मी जूनपासून एकदाच गेलो. पावसात चांदसैली घाटात दरड आली की रस्ता बंद, दोन दिवस इकडे नाहीतर दोन दिवस तिकडे.

माझा आठवडा या शुक्रवारपासूनच भरलाय. नऊ ऑगस्ट, जागतिक आदिवासी दिन. सकाळपासून मिरवणूक, आमच्या खोलीतल्या चौघांकडे ढोल. मेसचे पैसे खात्यावर जमा होतात, आम्ही सहा जण मिळून रांधतो आणि या आठवड्यात पाळी माझी. शनिवारी इतिहासाची असाइनमेंट. ढोल वाजवून हात असे होतात की पेन धरवत नाही. गेल्या वर्षी सरांनी अक्षर बघून विचारलं होतं, डाव्या हातानं लिहिलंस का?

ताईला एकच सांगतो. आम्ही सहा जणांनी भिंतीवर कागद लावलाय, कुणाचा पेपर कधी. ज्याचा पेपर त्याची त्या दिवशीची भांडी माफ. घरात असा कागद लावून बघा.

कळण्याची_भाकरी | बुधवार, संध्याकाळी ७:३०

सातपुडा, जिंकलास. चुलीमागच्या भिंतीवर लाव ग तो कागद.

पुणेकर_झालो_बुवा | बुधवार, संध्याकाळी ७:४४

मी कागदावर वेळापत्रक काढ म्हटलं तेव्हा टमाटी मारली, त्यानं म्हटलं तर जिंकलास?

भरीत_पार्टी | बुधवार, संध्याकाळी ७:४६

त्याच्या कागदात भांडी घासणारे पाच जण आहेत. तुझ्या कागदात ती एकटीच होती.

जुना_स्टॅम्प | बुधवार, रात्री ९:००

थोडं विषयांतर. तुम्ही पोरं नशीबवान. मी १९८६ चा पदवीधर, प्रमाणपत्र पुणे विद्यापीठाचं. तेव्हा जळगाव-धुळ्याची कॉलेजं पुण्यालाच जोडलेली होती. गुणपत्रिकेत नाव चुकलं तर दुरुस्तीला पुणे. मी रात्रीच्या गाडीनं गेलो होतो, खिडकीवर पोहोचलो तर म्हणाले, कॉलेजचं पत्र आणा. परत आलो, पत्र घेतलं, परत गेलो. आपलं जळगावचं विद्यापीठ झालं १९९० साली, तेही १५ ऑगस्टलाच. त्यामुळे मला पंधरा ऑगस्टला दोन-दोन झेंडे दिसतात.

सुरतलाइन | बुधवार, रात्री ९:०८

काका, नाव दुरुस्त झालं का शेवटी?

जुना_स्टॅम्प | बुधवार, रात्री ९:१५

आडनाव झालं. वडिलांचं नाव अजून चुकीचंच आहे. त्यानंतर हिंमत नाही झाली.

खडूची_धूळ | बुधवार, रात्री ९:४०

पंधरा ऑगस्टवरून आठवलं. एन.एस.एस.मध्ये वर्षाला १२० तास भरायचे असतात. एका झेंडावंदनानं ना ते पूर्ण होतात ना बुडतात. कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधी सांग, एसटीची वेळ सांग. गावातल्या जिल्हा परिषद शाळेत झेंडावंदनाला मदत करून त्याचं पत्र आणू का, असं विचार. मी अधिकारी असतो तर हो म्हटलं असतं. न सांगता गैरहजर राहिलीस तर मात्र मीही रागावलो असतो.

हळदीचं_बोट | गुरुवार, रात्री १०:३०

सगळ्यांचं वाचलं. उत्तरं द्यायला वेळच मिळाला नाही, माफ करा.

आज वर्गात विचारलं. कानबाई बसणारी घरं किती निघाली सांगा? सतरा! आणि मी आठ दिवस एकटीच रडू राहिली. अर्ज लिहिला, सतरा सह्या, उद्या देतोय. सेमिनारच्या सरांनाही विचारलं, ते म्हणाले सेमिनार पुढे जाणार नाही. बरं.

घरी सांगितलं की नाही, हे विचारू नका. उद्या सांगते.

कळण्याची_भाकरी | गुरुवार, रात्री १०:४१

उद्या नाही. आत्ता उठ, आईला सांग. जाग्या असतील अजून.

हळदीचं_बोट | गुरुवार, रात्री ११:२०

सांगितलं. आई म्हणाली, "मग आधी का नाही बोलली?" आजी काही बोलली नाही. वडिलांनी विचारलं, कायनेटिक्स म्हणजे काय. समजावून सांगता सांगता माझाच अर्धा धडा झाला.

भरीत_पार्टी | रविवार, रात्री ११:५५

जागरणाला कोण कोण जागं आहे? आमच्याकडे गाणी रंगलीत, मी चहाच्या भांड्यापाशी. पुण्याचे, सुरतचे, मुंबईचे सगळे आलेत, झोपायला जागा नाही, त्यामुळे जागरण आपोआपच.

पुणेकर_झालो_बुवा | सोमवार, पहाटे १२:१०

मीपण आलोय. चाळीसगावला. आजीनं मायबाईंच्या पोस्टचा अर्थ सांगितला (आंडेर म्हणजे मुलगी, वल्ला म्हणजे ओले), वर म्हणाली, एवढंही कळत नाही तर तुला पुण्यात पगार कशाचा देतात.

हळदीचं_बोट | शुक्रवार, रात्री ९:१०

मंडळी, आठवडा संपला. क्रमानं नाही, आठवेल तसं सांगते.

अर्जाचं: पेपर रद्द झाला नाही, मंगळवारीही गेला नाही. अकराचा अडीचला केला. मॅडम म्हणाल्या, "कानबाई म्हणजे काय ते मला कुणी आधी सांगितलंच नाही." त्या कोल्हापूरकडच्या. खडू सर, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. विसर्जन साडेनऊला उरकलं, आईनं डोक्यावरचा चौरंग खाली ठेवला आणि तिथूनच मला एसटीला पिटाळलं. पिवळ्या हातांनीच पेपर लिहिला. उत्तरपत्रिकेवर हळदीचे दोन ठसे उमटलेत, बघू मार्क किती पडतात. शेवटचं गणित राहिलं.

मंगळवारची ऑरगॅनिक साधारण गेली, डोळे मिटत होते. बुधवारी जर्नल पूर्ण. रीडिंग पुन्हा घेतलं. हरवलेला कागद त्याच संध्याकाळी ॲप्रनच्या खिशात सापडला, दोन्ही रीडिंगमध्ये फरक आहे! काय करू, सर?

झेंडावंदन गावच्या शाळेत केलं, पत्र मिळालं, चालेल म्हणाले. आजचा सेमिनार बरा झाला, पण प्रोजेक्टर चालू होईपर्यंत दहा मिनिटं मी फळ्यावरच बोलले आणि तेच जास्त चांगलं गेलं. कमवा व शिकाचे दोन दिवस बुडाले. ते तास पुढच्या आठवड्यात भरून द्यायचेत.

रेल्वे पासचा फॉर्म भरला. सही झाली की मेमू.

खडूची_धूळ | शुक्रवार, रात्री ९:२५

दोन्ही रीडिंग लिही, दोन्ही तारखा लिही. फरक किती आहे?

हळदीचं_बोट | शुक्रवार, रात्री ९:२७

०.३ मिली.

खडूची_धूळ | शुक्रवार, रात्री ९:३१

मग दोन्ही तुझीच आहेत, याला आता पुरावाच झाला.

सुरतलाइन | शुक्रवार, रात्री ९:३३

रोट आणला का डब्यात कुणाला? आमच्या गाडीतल्या मुली विचारू राहिल्या.

हळदीचं_बोट | शुक्रवार, रात्री ९:३६

रोट भाऊबंदांच्या बाहेर देत नाहीत, दादा, तुम्हाला माहीत नाही का? घरातच संपवायचे. आणि ते संपूच नाही राहिले. कायनेटिक्समध्ये शिकलो ना, फर्स्ट ऑर्डरच्या अभिक्रियेत सुरुवातीला कितीही माल असला तरी निम्मा व्हायला तेवढाच वेळ लागतो. आमचे रोट फर्स्ट ऑर्डर आहेत. रोज निम्मे होतात, पूर्ण संपत काही नाहीत.

कळण्याची_भाकरी | शुक्रवार, रात्री ९:४५

सगळं सांगितलंस. शनिवारी दळलं कुणी, ते बरोबर वगळलंस.

हळदीचं_बोट | शुक्रवार, रात्री ९:४८

निम्मं काकूंनी. निम्मं लहान भावानं. आजी आधी ओरडली, मग त्याला खुंटा कसा धरायचा ते दाखवत बसली. पीठ थोडं जाडं झालं. त्याला सांगितलंय, पुढच्या वर्षी त्याच्या वाट्याचं तोच दळेल.

नानांचा_वाडा | शुक्रवार, रात्री ९:५५

पीठ जाडं झालं ना? म्हणून म्हणत होतो.

मायबाई_शिरपूर | शुक्रवार, रात्री १०:०२

पहिली बार मनं बी जाडंच व्हयेल व्हतं, नाना.

बारावी_ब | शुक्रवार, रात्री १०:२०

मी तिचा भाऊ. हा धागा तिच्या मोबाईलवर बघितला आणि अकाउंट काढलं. निम्मं नाही, निम्म्याहून जास्त मी दळलंय, काकू मध्येच चहा करायला उठल्या होत्या. हाताला दोन फोड आहेत, फोटो टाकू का?

आणि वर कुणीतरी लिहिलंय, मुलांना बारावीपर्यंत रेल्वेचा पास फुकट. खरं आहे का?

सुरतलाइन | शुक्रवार, रात्री १०:२४

खरं आहे. बारावी संपायला महिने किती राहिले मोज, आणि उद्याच फॉर्म आण.